बाटली ‘बंद’ म्हणजे नेमकी किती बंद?

इंजेक्शनची छोटी काचेची बाटली हातात घेतली की वर एक रंगीत प्लास्टिकची चकती दिसते. अंगठ्याने उडवली की ‘टिक्’ करून ती निघते. खाली ॲल्युमिनियमची कड असते आणि तिच्या मधोमध करड्या रबराचा उघडा गोल. यातलं झाकण कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण चकतीकडे बोट दाखवतात. आवाज तीच करते ना!

पण हवाबंदपणाशी त्या चकतीचा काडीचाही संबंध नाही. रबरावर धूळ बसू नये आणि बाटली आधी कोणी उघडलेली नाही हे कळावं, एवढ्यासाठी ती असते. चकतीखालचं रबर निर्जंतुक असतं हाही एक सार्वत्रिक गैरसमज. ते निर्जंतुक असेलच याची खात्री नसते, म्हणून नवी कोरी बाटली असली तरी सुई घालण्याआधी तो गोल स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यायचा असतो. चकतीचा रंग मात्र कामाचा. अमेरिकेत काळी टोपी पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणासाठी राखून ठेवली आहे. ते औषध पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, तेव्हा घाईगडबडीत हातात भलती बाटली येऊ नये म्हणून ही सोय. फायझरच्या कोविड लशीत जांभळ्या टोपीची बाटली पातळ करून वापरायची होती आणि करड्या टोपीची तशीच. नुसत्या रंगावर किती भार असतो बघा.

मग बाटली बंद कोण करतं? रबरी बूच. कारखान्यात त्याला सगळे स्टॉपर म्हणतात. त्याचा आकार साधारण छत्रीसारखा: वर पसरट चकती, खाली जाड दांडा. वीस मिलिमीटर मापाची बाटली म्हणतात तेव्हा ते माप गळ्याच्या बाहेरच्या कडेचं असतं. आतलं भोक १२.६ मिलिमीटरचं. दांडा त्या भोकापेक्षा किंचित जाड असतो, म्हणून तो दाबूनच आत घालावा लागतो. दांडा आत घट्ट बसला म्हणजे काम झालं, असं वाटतं. खरी राखण मात्र वर होते. बाटलीच्या तोंडाची सपाट काचेची कड आणि तिच्यावर दाबून बसलेला बुचाच्या चकतीचा खालचा भाग, या दोघांच्या मधली अंगठीएवढी रेषा म्हणजे बाटलीचं खरं कुलूप. काच डोळ्याला कितीही गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक उंचवटे आणि ओरखडे असतात. दाबलेलं रबर त्या खाचाखोचांत शिरून बसतं आणि वाट बुजते. दाब कमी झाला की वाट परत मोकळी.

म्हणूनच ॲल्युमिनियमचं सील लागतं. ते स्वतः काहीच अडवत नाही. रबराला काचेवर दाबून धरायचं, आणि औषधाची मुदत संपेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. प्रेशर कुकरच्या झाकणाचं उदाहरण इथे चपखल बसतं: वाफ अडवते ती रबरी रिंग, झाकण तिला फक्त दाबून धरतं.

हे रबर कसलं, यालाही इतिहास आहे. सुरुवातीला झाडाच्या चिकाचं नैसर्गिक रबर वापरत. सुई टोचून काढली की भोक बुजवण्यात ते वाकबगार, पण हवा आणि वाफ त्यातून बऱ्यापैकी झिरपते आणि काही लोकांना त्याची ॲलर्जीही असते. १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ब्यूटाइल रबर तयार केलं. त्यातून हवा फारच सावकाश जाते, म्हणून टायरच्या ट्यूबसाठी ते उत्तम ठरलं. पुढे त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन घालून केलेली रूपं औषधांच्या बुचांसाठी रूढ झाली. तरी रबर म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात भरणीचे पदार्थ असतात, कडक करणारी रसायनं असतात, रंग असतो. यातलं काही हळूहळू औषधात उतरू शकतं. नाजूक औषधांच्या बुचांवर म्हणून टेफ्लॉनच्या जातीचा पातळ थर देतात. शिवाय बुचं एकमेकांना चिकटून मशीनच्या वाटीत अडकू नयेत म्हणून त्यांना सिलिकॉन तेलाचा हात लावलेला असतो, आणि तोही हात आखडूनच लावावा लागतो.

आता सील मारण्याकडे येऊ. काम दिसायला अगदी सोपं आहे. बूच लावलेल्या बाटलीवर ॲल्युमिनियमची टोपी पडते, वरून एक दट्ट्या तिला खाली दाबतो, आणि तो दाब असतानाच एक फिरती चकती टोपीची खालची कड बाटलीच्या गळ्याच्या ओठाखाली वळवते. दट्ट्या वर गेला की रबर परत फुगायला बघतं, पण कड ओठाखाली अडकलेली असल्यामुळे त्याला फुगता येत नाही. हा कोंडलेला जोर म्हणजेच सील.

दाब कमी पडला तर टोपी बोटांनी गोल फिरते. हाताने फिरवून बघणं ही जुन्या लोकांची परीक्षा, आणि ढोबळ तपासणी म्हणून ती वाईट नाही. पण ती माणसागणिक बदलते. पहिलवानाच्या हातात सगळीच सीलं सैल. दाब जास्त झाला तर रबराला वरून खळगा पडतो, टोपीच्या कडेला चुण्या येतात, क्वचित काचेचा ओठच तडकतो. जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत इथे अगदी चुकीची आहे. म्हणून आता बंद झालेल्या बाटलीवर हळूहळू भार देऊन आत किती जोर शिल्लक आहे हे यंत्राने मोजतात. हा जोर काळाबरोबर उतरतोही, कारण सतत दाबून ठेवलेलं रबर थोडं सैलावतं, जुन्या इलॅस्टिकसारखं.

बूच लागणं आणि सील बसणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो, आणि ती मधली वाट मोठी अडचणीची. सील मारताना ॲल्युमिनियमचे बारीक कण उडतात, त्यामुळे ते यंत्र औषध भरण्याच्या जागेपासून वेगळं ठेवावं लागतं. तोवर बाटली नुसत्या बुचावर पट्ट्यावरून चाललेली असते. आत दबलेली हवा आणि सिलिकॉनचा निसरडेपणा एकत्र आले की बूच केसभर वर येतं, आणि डोळ्याला ते दिसतही नाही. यावर तोड म्हणून बऱ्याच बाटल्यांच्या गळ्यात आतून एक खोबण ठेवतात आणि बुचाच्या दांड्यावर तिच्यात अडकणारा उंचवटा. युरोपीय संघाच्या निर्जंतुक औषधांच्या नियमावलीची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. ॲल्युमिनियमची टोपी वळवली जाईपर्यंत बाटली पूर्ण बंद मानायची नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे. तोवरच्या वाटेवर तिला गाळलेल्या शुद्ध हवेचं संरक्षण लागतं, आणि वर आलेलं बूच ओळखून ती बाटली बाजूला काढणारी यंत्रणाही.

काही बाटल्यांत द्रव नसतो, कोरडी पांढरी वडी असते. ते औषध बाटलीतच गोठवून निर्वातात सुकवलेलं असतं. सुकवायचं तर वाफ बाहेर जायला वाट हवी, आणि जंतू शिरू नयेत म्हणून नंतर कोणी हात लावता कामा नये. यावरची युक्ती मला फार आवडते. या बुचांच्या दांड्याला फटी असतात. बूच अर्धंच बसवून बाटल्या सुकवणीच्या कपाटात ठेवतात, आणि वाफ त्या फटींतून निघून जाते. सुकवण पूर्ण झाली की कपाट उघडण्याआधीच आतल्या फळ्या यंत्राने एकमेकींच्या जवळ आणतात. वरची फळी खालच्या सगळ्या बुचांना एका दमात खाली दाबते, आणि बाटल्या माणसाचा हात न लागता बंद होतात. अशा औषधात एक छुपा शत्रू बुचातच असतो. बूच वाफेने निर्जंतुक केलं आणि नीट वाळवलं नाही, तर रबरात मुरलेलं पाणी महिनोन्‌महिने हळूहळू वडीत उतरत राहतं. सील उत्तम, गळती शून्य, आणि औषध तरी दमट!

थंडीची गोष्ट याहून विलक्षण आहे. कोविडची एमआरएनए लस आली तेव्हा फायझरच्या बाटल्या उणे ९० ते उणे ६० अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागत आणि कोरड्या बर्फात पाठवल्या जात. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५. आता ब्यूटाइल रबराचा लवचीकपणा टिकतो तो साधारण उणे ६५-७० अंशांपर्यंत. त्याखाली रबर रबर राहत नाही, काचेसारखं ताठर होतं. शिवाय गार झाल्यावर ते काचेपेक्षा जास्त आकसतं. म्हणजे दाबून बसण्याचा त्याचा एकमेव गुण नेमका गरजेच्या वेळी जातो, आणि कुलूप केसाएवढं सुटू शकतं.

त्याच वेळी बाटलीत काय चाललेलं असतं? आतली हवा गारठून आकसते. वीस अंशांवरून उणे ७८ वर गेल्यावर तिचा दाब जवळपास दोन-तृतीयांश उरतो. म्हणजे आत ओढ, आणि बाहेर कोरड्या बर्फाच्या पेटीत कार्बन डायऑक्साइड गच्च भरलेला. फट असेल तर तो आत शिरतो. पुढे बाटली बाहेर काढली की रबर मऊ होतं आणि फट मिटते. आत आलेला वायू आतच अडकतो आणि गरम झाल्यावर दाब बाहेरच्या हवेच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. तो वायू पाण्यात विरघळला की द्रावण आंबट होतं, ते वेगळंच. आणि गंमत म्हणजे ही बाटली तुम्ही नंतर गळतीसाठी तपासलीत तर ती सपशेल पास होते, कारण आता ती खरोखरच बंद आहे. चोर आत आहे आणि दाराला कुलूपही आहे. त्याला पकडायचं तर बाटलीच्या रिकाम्या भागातून लेझरचा किरण सोडून तिथे कोणता वायू किती आहे हे पाहावं लागतं. म्हणून अतिथंड साठवणीच्या औषधांसाठी बूच आणि बाटलीची जोडी नुसती चांगली असून भागत नाही; त्याच थंडीत ठेवून तपासावी लागते.

इथे मूळ प्रश्न परत येतो. किती बंद? पूर्ण बंद असं काही नसतंच. फार चांगल्या सीलमधूनही वायूचा काही अंश जातोच. प्रश्न असतो कोणाला अडवायचं आहे हा. जंतूला शिरायला लागतं त्याहून बारीक भोक वाफेला पुरतं, आणि निर्वात टिकवायचा असेल तर हिशोब आणखी कडक. हेलियमची गळती सेकंदाला एक लिटर-मिलिबारच्या दहा लाखांश भागाच्या सहापटीखाली असेल तर जंतू शिरण्याची शक्यता फार कमी, असा एक आकडा या क्षेत्रात सगळे वापरतात. १९९० च्या दशकात बाटल्यांना मुद्दाम सूक्ष्म छिद्रं पाडून, त्या जंतूंच्या पाण्यात बुडवून झालेल्या प्रयोगांतून तो आला. तोंडात मावणार नाही असा हा आकडा साध्या हिशोबात बसवला तर असा होतो: त्या वेगाने एक घन सेंटिमीटर, म्हणजे वाटाण्याएवढा वायू निसटायला जवळपास दोन दिवस लागतील.

असलं भोक डोळ्याला दिसत नाही. जुनी पद्धत निळ्या रंगाची: बाटल्या मिथिलिन ब्लूच्या द्रावणात बुडवायच्या, हवा खेचायची, परत सोडायची, आणि आत निळं दिसतं का ते बघायचं. रंग आत गेला तर गळती नक्की. दिसला नाही तर मात्र नक्की काहीच नाही, कारण छिद्रात औषधाचाच कण अडकलेला असू शकतो किंवा तपासणाऱ्याची नजर दमलेली असू शकते. आता बंद कप्प्यात बाटली ठेवून निर्वात किती ढळतो हे मोजणं, काचेवरून उच्च दाबाची वीज फिरवणं, हेलियम हुंगणारं यंत्र लावणं, असे मार्ग आहेत, आणि कल त्यांच्याकडेच आहे.

‘आम्ही निर्जंतुकतेची तपासणी करतो की’ हे उत्तर इथे तोकडं पडतं. मोठ्या बॅचमधून त्या तपासणीला साधारण २० बाटल्या घेतात. हजारात एक बाटली गळकी असेल, तर त्या विसांत ती सापडण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. म्हणजे शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव वेळा दोष सुखरूप निसटणार. शिवाय गळकी बाटली त्या दिवशी निर्जंतुक असूही शकते आणि जंतू पुढच्या महिन्यात शिरू शकतो.

रबराचा हा सगळा त्रासच नको म्हणून काच काचेलाच जोडायची, ही कुपीची म्हणजे ॲम्प्यूलची कल्पना. फ्रेंच औषधनिर्माते स्टॅनिस्लास लिमुझां यांनी १८८६ मध्ये ती आणली. भरलेल्या कुपीची मान ज्योतीत धरून वितळवायची. नुसतं टोक वितळवून मणी केला तर त्यात बारीक छिद्र राहण्याचा धोका असतो. त्यापेक्षा कुपी फिरवत ठेवून, मान मऊ झाली की चिमट्याने वरचा भाग ओढून तोडणं भरवशाचं, आणि कारखान्यांत तेच रूढ आहे. प्रत्येक कुपी स्वतंत्रपणे वितळून बंद होत असल्यामुळे दहा चांगल्या निघाल्या म्हणून अकरावी चांगली असं म्हणता येत नाही. वर उल्लेख केलेली युरोपीय नियमावली म्हणूनच एकूण एक कुपी तपासायला लावते.

काचेला तडा गेला तर काय होतं, याचा एक खटला इंग्लंडमध्ये गाजला. १९४७ मध्ये एकाच दिवशी दोन रुग्णांना कण्यात भूल दिली गेली आणि दोघांचेही पाय कायमचे लुळे पडले. भुलीच्या औषधाच्या कुपी फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवत. डोळ्याला न दिसणाऱ्या तड्यांतून फिनॉल आत झिरपलं असावं, हे न्यायालयाने मान्य केलं. १९५४ च्या अपिलात न्यायाधीश डेनिंग यांनी हॉस्पिटलला दोषी धरलं नाही, कारण असे तडे असू शकतात हे १९४७ मध्ये कोणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर फिनॉलला गडद निळा रंग दिला असता, असंही त्यांनी म्हटलं. पुढे काही डॉक्टरांनी या दुर्घटनेचं वेगळं कारणही मांडलं. तरी निळ्या रंगाची ती कल्पना बघा: गळती थांबवता येत नसेल तर निदान ती दिसू तरी दे.

आट्यांच्या झाकणांचा धडा अमेरिकेचा. १९७०-७१ मध्ये तिथल्या अनेक हॉस्पिटलांत सलाइन लावलेल्या रुग्णांच्या रक्तात ठरावीक जातींचे जंतू सापडू लागले. शोध घेता घेता तपास पोचला बाटलीच्या झाकणाच्या आतल्या, नव्याने बदललेल्या अस्तराशी. बाटलीतलं द्रावण चांगलं होतं, जंतू झाकणाच्या आत दडलेले होते, आणि झाकण फिरवून उघडताना, परत लावताना ते द्रावणात पडत. म्हणजे झाकण बदलणं हा खरेदी खात्याचा किरकोळ निर्णय नसतो.

गोळ्यांच्या बाटलीत मामला सोपा, कारण तिथे शत्रू मुख्यतः दमटपणा. झाकण फिरवून उघडलं की तोंडावर चिकटलेला जो चंदेरी कागद दिसतो, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि खाली वितळणारा प्लास्टिकचा थर असतो. बंद बाटली चुंबकीय क्षेत्राखालून जाते, पत्र्यात वीज घुमून तो तापतो, आणि प्लास्टिक बाटलीच्या ओठाला चिकटतं. ज्योत नाही, स्पर्श नाही. दाबून फिरवायचं झाकण मात्र मुलांसाठी. अमेरिकी नियमांत ते साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात देऊन बघतात. कसं उघडायचं ते दाखवल्यावरसुद्धा निदान ८० टक्के मुलांना ते उघडता येता कामा नये. आणि ५० ते ७० वयाच्या किमान ९० टक्के माणसांना आलं पाहिजे. हे दुसरं कलम मला जास्त अवघड वाटतं. संधिवाताने वाकडी झालेली बोटं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कारण सांगायला नको.

शेवटी प्रत्येक बाटली उघडावीच लागते, आणि इंजेक्शनच्या बाटलीत उघडणं म्हणजे टोचणं. सुईचं टोक तिरकं कापलेलं असतं. सरळ घुसवली तर तिची मागची धार कधी कधी रबराचा बारीक तुकडा कापून आत ढकलते. त्यासाठी चांगल्या बुचांची परीक्षा ठरलेली आहे: १२ बुचं, प्रत्येकाला चार वेळा टोचायचं, म्हणजे एकूण ४८ वेळा, आणि डोळ्याला दिसतील असे तुकडे पाचापेक्षा जास्त निघता कामा नयेत. पाच चालतात, याचा अर्थ शून्याची हमी कोणीच देत नाही. म्हणून सुईच्या टोकाचं भोक वर ठेवून तिरकं टेकवायचं, टोक रुतलं की सुई सरळ करत आत न्यायची, आणि दर वेळी जागा थोडी बदलायची.

अनेक मात्रांच्या बाटलीचं बूच आणखी एका परीक्षेतून जातं. दहा वेळा टोचून बाटली निळ्या द्रावणात बुडवतात, हवा खेचतात, आणि आत निळ्याचा मागमूसही चालत नाही. पण प्रयोगशाळेतली सुई स्वच्छ असते. दवाखान्यात दर टोचणीबरोबर काहीतरी आत जाण्याची शक्यता असते, म्हणून अशा औषधात जंतूरोधक घालतात आणि त्याची ताकद २८ दिवसांपर्यंत तपासलेली असते. कंपनीने वेगळं सांगितलेलं नसेल तर पहिली सुई गेल्यापासून २८ दिवसांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं, मग छापील मुदत दोन वर्षांनंतरची का असेना. ती छापील तारीख न टोचलेल्या बाटलीची असते. टोचलेल्या बाटलीची तारीख कोणी छापत नाही. ती पहिल्या टोचणीच्या वेळी पेनाने लेबलवर लिहावी लागते.